दोन घंटी झाल्याशिवाय हातोडा नाही

गोंदियाकडच्या गोरेगावातले माझे घरमालक, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, ज्यांना मी काकाजी म्हणतो, त्यांनी मला सांभाळलं. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं मग. कारण बाकीचं लिहिताना मला हसू येणार आहे, आणि हसण्याच्या नादात आभार मानायचे राहून जातात. आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत, दोन्ही डोळ्यांनी दिसतंय आणि भुवयांचे केससुद्धा शाबूत आहेत, ही सगळी त्यांची कृपा. आख्ख्या गोंदिया जिल्ह्यात आगीला त्यांच्याइतका भिणारा माणूस सापडायचा नाही, आणि आगीपाशी त्यांच्याइतका रमणारा माणूसही सापडायचा नाही. मी मूळचा सांगोल्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. रस्त्याच्या कामावर ठेकेदाराबरोबर फिरत फिरत इकडे आलो, काम संपलं, ठेकेदार पुढच्या कामाला गेला आणि मी गोरेगावच्या बसस्टँडवर एक पिशवी मांडीवर घेऊन बसलो. इथल्या एका राईस मिलमध्ये मशिनींना तेल-ग्रीस करायचं काम मिळालं होतं, पण राहायला खोली नव्हती आणि ओळखीचं माणूस नव्हतं. तेवढ्यात एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. गाडी चुकली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकायला कुठं जायचं ते तरी ठरायला पाहिजे. त्यावर ते हसले नाहीत. वाकून त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "सुती आहे. चाल." मला वाटलं, कापडाचे व्यापारी असतील. खोली मिळाली, जेवण मिळालं, आणि ते सगळं शर्टाच्या जोरावर मिळालं, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसातली पत्र्याची शेड पाहिल्यावर कळलं.

त्या शेडमध्ये भट्टी होती. हौसेची. घरात सात पिढ्यांत कोणी लोखंड तापवलं नव्हतं. धानाची शेती करणारं पोवारांचं घराणं. पण काकाजी गोंदिया-चिचगड गाडीवर असताना एकदा देवरीच्या पुढे, चिचगडच्या तोंडाशी, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दुरुस्ती होईपर्यंत पॅसेंजर झाडाखाली झोपले आणि काकाजी शेजारच्या लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन बसले. गाडी सुरू झाली तेव्हा कंडक्टरला शोधायला ड्रायव्हरला उतरावं लागलं. त्यानंतर जितकी वर्षं त्या लाईनवर होते, तितकी वर्षं चिचगडला गाडी जेवायला थांबली की हे जेवणाचा डबा घेऊन त्या लोहाराकडे जायचे. रिटायर झाल्यावर सत्काराचा नारळ घरात ठेवायच्या आधी त्यांनी परसात भट्टीची जागा आखली. पण विकण्यासाठी एक खिळाही केला नाही. कोणी विळ्याला दाते पाडून मागितले, तर त्याला सरळ बाजाराच्या कोपऱ्यावरच्या लोहाराकडे पाठवायचे. ती त्याची लाईन आहे, म्हणायचे, त्याच्या पोटाची. आपण हौसेचे पॅसेंजर, आपण त्याच्या सीटवर बसायचं नाही.

भट्टी त्यांनी बस चालवावी तशी चालवली. छताला दोरी, दोरीला त्यांनी स्वतः ठोकलेली पितळी घंटा. एक घंटी म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, दोन घंटी म्हणजे सुरू, आणि तीन घंटी म्हणजे आग. मग जो असेल त्यानं दारापाशी ठेवलेल्या रेतीच्या बादल्यांकडे धावायचं. दोन घंटी झाल्याशिवाय कोणी हातोडा उचलायचा नाही. शेडमध्ये ते एकटेच असले तरी आधी दोरी ओढायचे, मग स्वतःच आज्ञा पाळायचे. दर सोमवारी आठवण राहावी म्हणून तीन घंट्यांची तालीम व्हायची, आणि आम्ही दोघं न लागलेल्या आगीवर गंभीर चेहऱ्यानं रेती टाकायचो. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायच्या. दारात चढणाऱ्याची तपासणी तर आणखी कडक. अंगावर सुती कपडा पाहिजे, टेरिकॉट-नायलॉन चालणार नाही, कारण ठिणगी पडली की सुताला भोक पडतं आणि नायलॉन वितळून कातड्याला चिकटतं. पायात चामड्याचा बूट, आणि पॅंट बुटाच्या वरून पाहिजे, आत खोचलेली नको, नाही तर लोखंडाचे तापलेले पापुद्रे थेट बुटात उतरतात. डोळ्यांवर चष्मा. हातात अंगठी, कडं, दोरा काही नको. एकदा दिवाळीत त्यांचे जावई नव्याकोऱ्या चकचकीत टी-शर्टात भट्टी बघायला आले. आमच्याकडे जावयाला पाटावरून उठवत नाहीत; काकाजींनी त्याला दारातच उभं केलं, टी-शर्ट उतरवायला लावला आणि आपला जुना खाकी युनिफॉर्मचा शर्ट चढवला. तो शर्ट खास पाहुण्यांसाठी खुंटीला टांगलेला असायचा. जावई बिचारे नंतर तसेच जेवायला बसले. काकी वाढता वाढता म्हणाल्या, "बाप्पा, पोरीले म्या जावई पायला का कंडक्टर?"

हत्यारांच्या बाबतीत त्यांची शिस्त अशी की माझा या भागाचा भूगोल सांडशींवरून पक्का झाला. तापलेलं लोखंड धरायच्या सांडशी भिंतीवर मापाप्रमाणे ओळीनं टांगलेल्या, आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूनं गावाचं नाव. सगळ्यात बारीक ती गोंदिया, मग गोरेगाव, मग देवरी, आणि जाडजूड तोंडाची ती चिचगड. काम करता करता मागे हात करून "देवरी दे" म्हणायचे. एक वाकड्या तोंडाची सांडशी मात्र समोरच्या भिंतीवर एकटीच लटकायची. तिचं नाव दवनीवाडा. ती इकडे काऊन नाही टांगली, म्हणजे का नाही, असं एका पाहुण्यानं विचारलं तेव्हा काकाजींना त्याच्या अकलेची कीव आली. दवनीवाडा या लाईनवर नाही, एवढंही ज्याला कळत नाही त्याला काय सांगायचं. पण गंमत सोडली तर मुद्दा खरा होता. सांडशीच्या तोंडात काम नीट बसलं पाहिजे. सैल सांडशीतून सुटलेला तापला तुकडा कुठं जाईल हे कोणी सांगू शकत नाही. हातोडा नवख्यानं हलका घ्यावा, दोन पौंडांच्या वर जाऊ नये. जड हातोडा मर्दानगी दाखवतो आणि आठ दिवसांत कोपर धरतो. दांडा धावड्याच्या लाकडाचा, चिचगडच्या जंगलाकडून आणलेला. रोज सकाळी हातोड्याचं डोकं हलतंय का ते बघायचं आणि मगच हात घालायचा. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो लिलावातून रीतसर घेतलेला होता, आणि त्याची पावती त्यांनी चौकट करून ऐरणीच्या वरच टांगली होती, कोणी शंका घ्यायला नको म्हणून.

ऐरण ज्या ओंडक्यावर बसते त्याची उंची, हा त्यांचा सगळ्यात आवडता विषय. सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मूठ वळायची, मुठीची बोटं जिथं टेकतील तिथं ऐरणीचं तोंड आलं पाहिजे. उंच असेल तर खांदा जातो, खाली असेल तर कंबर. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मुठीची उंची बघत बसायचे आणि मला हळूच सांगायचे, "तो बुटका दिसते, पण हात लांब आहेत. त्याले नीचा ओंडका लागेल." काकाजी सहा फूट, मी त्यांच्या खांद्याला. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या ओंडक्यावर टाचा उचलून ठोकायचो आणि खांदा दुखतोय हे बोलायचो नाही. परक्या गावात आसरा दिलेल्या माणसाकडे तक्रार कशी करायची. एक दिवस मिलमधून आलो तर काकाजी करवतीनं ओंडका कापत होते. चार बोटं लाकूड कापून त्यांनी बाजूला ठेवलं, ऐरण परत बसवली आणि मला मूठ वळायला सांगितली. बोटं बरोब्बर टेकली. त्या दिवसापासून ते स्वतः वाकून ठोकायला लागले. मी म्हटलं, काकाजी, तुमची कंबर जाईल की ओ. तर म्हणाले, "माही कंबर तीस वर्ष गाडीत आदळली. तुया खांदा नवा आहे." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये तेलाचा डबा घेऊन कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले ते त्यांना कधी सांगितलं नाही.

मी भित्रा माणूस आहे. मशिनीचा पट्टा फिरायला लागला की मी दोन पावलं मागे सरायचो, आणि मिलमध्ये तर दिवसभर पट्टेच फिरतात. काकाजींना माझी ही भीती फार आवडली. म्हणायचे, ज्याले भेव आहे त्याच्याच हाती गाडी द्यावी. लाल लोखंडाची भीती कोणालाही वाटते, ते सांगत, खरं भ्यायचं ते काळ्या लोखंडाला. लाली गेली म्हणजे लोखंड थंड झालं असं नाही. "लोखंड काही सांगून राहिला नाही का मी गरम आहो म्हणून," हे वाक्य मी किमान हजार वेळा ऐकलं असेल. म्हणून शेडमध्ये पडलेला कोणताही तुकडा गरमच समजायचा, आधी हाताची मागची बाजू दुरून नेऊन धग बघायची, मगच धरायचं. तापलेला तुकडा खाली ठेवला की त्याच्याभोवती खडूचा गोल काढायचा. ही सवय त्यांच्या इतकी अंगात भिनली होती की काकींनी चहा आणून दिला तरी खिशातून खडू निघायचा, आणि ओसरीवर कपाभोवती गोल. काकी रोज ओसरी पुसताना ते गोल मोजायच्या आणि डॉक्टरनं दिवसाला दोनच चहा सांगितले होते, त्याचा हिशेब संध्याकाळी द्यावा लागायचा.

काकींचा भट्टीवर राग होता, आणि त्याला कारणही होतं. पहिल्याच वर्षी काकाजींनी जुना पाण्याचा पाईप तापवला. पांढरा, जस्ताचा मुलामा दिलेला. त्याचा धूर नाकातोंडात गेला आणि हे दोन दिवस हुडहुडी भरून पडले. काकींना वाटलं मलेरिया. रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग काकाजींनी डॉक्टरसमोर पाईपची गोष्ट कबूल केली, आणि काकींनी तिथंच, डॉक्टरसमोरच, अट घातली. यापुढे त्या शेडमध्ये कोणाला भाजलं, किंवा काही पेटलं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. ऐरण, भाता, सांडशी, सगळं. काकाजींनी मान डोलावली. घंटा, खडू, रेती, सुती शर्ट हे सगळं त्या एका मान डोलावण्यातून आलं होतं. माणूस रिटायर होतो, पोरं नोकरीला पुण्या-नागपूरला जातात, आणि सकाळी उठून जायला एक जागा असते. ती जागा जाऊ नये म्हणून ते इतके जपून होते. हे लोकांना माहीत नव्हतं, म्हणून लोक हसायचे. मला माहीत होतं, आणि तरी जे झालं ते माझ्याच हातून झालं.

त्याआधी त्यांचं पाणी देणं, म्हणजे पातं कडक करणं, आणि शेवटचा हात सांगायला पाहिजे, कारण त्या हातातच घोळ झाला. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून आम्ही पावशी करायचो, म्हणजे आमच्या सांगोल्याकडची विळी. पातं ठोकून झालं की आधी तापवून धानाच्या तुसाच्या राखेत गाडायचं आणि सकाळपर्यंत विसरायचं, म्हणजे ते मऊ होतं आणि कानस चालते; मिलमुळे राखेला तोटा नव्हता. मग पुन्हा तापवायचं. किती, ते लोहचुंबक सांगतं. दोरीला टांगलेलं चुंबक पात्याजवळ नेलं आणि ते ओढेनासं झालं की आणखी थोडंसंच, मग सरळ तेलात. पाट्याचं लोखंड पाण्यात बुडवलं तर तडकतं. तेलाचा डबा लोखंडी पाहिजे, झाकण हाताशी पाहिजे, आणि आपलं तोंड बाजूला पाहिजे, कारण भडका वर येतो. मग पातं घासून चकचकीत करून हळूहळू शेकायचं, तणशीचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा, पिवळा रंग चढेपर्यंत. हा रंग डोळ्यात पक्का बसावा म्हणून काकाजी दर वर्षी धान पिकलं की बांधावर जाऊन अर्धा तास नुसते उभे राहायचे. शेवटी तारेच्या ब्रशनं घासून, हाताला सोसेल त्याहून थोडं गरम असताना जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा. काळी, दाट झिलई येते आणि गंज लागत नाही. आणि ज्या चिंध्यांनी तेल लावलं, त्या शेडबाहेरच्या तारेवर एकेक, सुट्या, पसरून वाळत घालायच्या. त्या तारेवर इतक्या चिंध्या लटकायच्या की गल्लीतून जाणारी एखादी बाई काकींना विचारायची, घरी बाळंतीण आहे का जी.

दसरा आला होता. खंडेनवमीला भट्टीची पूजा आणि दसऱ्याला काकींच्या माहेरची माणसं येणार. काकी मला नुसतं म्हणाल्या, त्या चिंध्या पाहून लोक का म्हणतील. काकाजी बाजाराला गेले होते. त्यांनी कालच पाच पावश्यांना तेल लावलं होतं. ताज्या चिंध्या तारेवर होत्या. मी मनात म्हटलं, दोघंही खूश होतील. सगळ्या चिंध्या गोळा केल्या, छान घड्या घातल्या, एकावर एक दाबून बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या आणि खोका शेडमध्ये खाकी शर्टाच्या खुंटीखाली ठेवला. भट्टी थंड होती. आगपेटीला हात लावला नव्हता. मी शेड झाडली, सांडशींची गावं नव्या खडूनं लिहिली आणि खोलीवर जाऊन आडवा झालो. दुपार पत्र्यावर तापत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक, आणि घंटा वाजली. तीन.

तीन घंट्या मी फक्त सोमवारी ऐकल्या होत्या, आणि तो सोमवार नव्हता. पाय आपोआप पळाले. शेडमध्ये काकी, आयुष्यात कधी त्या दोरीला हात न लावलेल्या, दोरी धरून उभ्या होत्या. खोक्यातून दाट पिवळट धूर येत होता आणि वरच्या शर्टाची एक बाही पेटली होती. मी बादली उचलली, रेती खोक्यावर ओतली, दुसरी बादली शर्टावर फेकली. दहा मिनिटांत सगळं विझलं. कोणाला काही झालं नाही. शर्ट अर्धा गेला. काकी दोरी सोडेनात. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काय पेटलं आणि आता काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकाजी बाजारातून आले ते पिशवी दारातच टाकून. त्यांनी खोका बघितला नाही, शर्ट बघितला नाही. माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे केले, बोटं मोजली, आणि मग विचारलं की चिंध्या तारेवरून कोणी काढल्या. मी म्हटलं, मी. भट्टी थंड होती ओ काकाजी, मी काडीसुद्धा ओढली नाही, शपथ घेतो. त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं की जवसाचं तेल वाळताना आतल्या आत तापतं. चिंधी पसरलेली असली तर ती धग वाऱ्यावर जाते. गोळा करून दाबली तर धग आत साचते आणि चिंधी आपोआप पेटते, काडी लागत नाही. म्हणून तार. सात वर्षं तार. मग म्हणाले, "गलती माही आहे. मी तुले वाळू घाल म्हणून सांगितलो, काऊन ते नाही सांगितलो."

त्या वाक्यानं मला जे झालं ते भाजण्यापेक्षा जास्त होतं. शाळेत मी तिसऱ्या बाकावर बसायचो आणि मला कधीच कळायचं नाही, हे असं का. विचारलं की वर्ग हसायचा. मग मी विचारणंच सोडलं, आणि विचारणं सोडलं तशी शाळाही सुटली. त्या चिंध्यांबद्दलही मनात आलं होतं, या अशा का टांगतात. पण परक्याच्या घरी कशाला विचारा, म्हणून गप्प बसलो होतो. चूक त्यांची नव्हती. चूक अर्धी-अर्धी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच भंगारवाला आला. काकी शब्दाच्या पक्क्या. काकाजींनी वाद घातला नाही. चिचगडपासून गोंदियापर्यंत सांडशी उतरवून ओळीनं जमिनीवर ठेवल्या, मग समोरच्या भिंतीवरची दवनीवाडा काढली आणि ती थोडी लांब ठेवली. मग येऊन दोरीखाली उभे राहिले आणि एक घंटी दिली. थांबा. भंगारवाला रुळाला हात घालून हिसके देत होता, तो रूळ हलेना, तो घाम पुसत म्हणाला, "माताजी, इसको तो क्रेन लगेगी." मी काकींच्या पुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, काकी, खोका मी ठेवला, तुम्हाला काढायचंच असेल तर मला काढा, माझी पिशवी भरलेली आहे. काकींनी माझ्याकडे बघितलं, मग काकाजींकडे, मग दोरीकडे.

"काल मले कोणी सांगितला होता, तीन घंटी वाजव म्हणून?" त्यांनी विचारलं.

भंगारवाल्यानं रुळावरचा हात काढला.

"सात वर्षापासून सोमवारी सोमवारी हा तमाशा ऐकून राहिली मी सैपाकघरातून. हात आपोआप गेला." मग भंगारवाल्याला म्हणाल्या की परसातला मोडका कूलर पडला आहे, तो घेऊन जा, आणि काकाजींना म्हणाल्या, "आजपासून मी चेकिंगले येईन. केव्हाही."

तीस वर्षांच्या नोकरीत वाघाच्या जंगलातून गाडी नेलेल्या त्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. कंडक्टरला जगात एकाच गोष्टीची भीती असते, ती म्हणजे वाटेत हात दाखवून गाडी थांबवणारं तपासणी पथक. आता ते घरातच होतं. काकी पोळी लाटता लाटता हातात लाटणं तसंच घेऊन अचानक शेडच्या दारात उभ्या राहायच्या. रेतीची बादली भरलेली आहे का, चिंध्या सुट्या आहेत का, तेलाच्या डब्याचं झाकण कुठं आहे. एकदा काकाजींचा चष्मा कपाळावर सापडला. विनाचष्मा प्रवास म्हणून त्यांचा चार वाजताचा चहा बंद झाला, आणि त्यांनी अपील केलं नाही. मला मात्र काकींनी वेगळाच नियम लावला. काकाजी काहीही सांगोत, मी आधी "काऊन" म्हणायचं. म्हटलं नाही तर काम थांबवायचं. सुरुवातीला माझ्या तोंडून निघेना. आता मिलमध्येसुद्धा निघतं. मिलचा फिटर आधी चिडायचा, मग एक दिवस त्यानंच पट्ट्याचं कव्हर काढून मला आतलं सगळं दाखवलं, आणि हळूहळू पट्ट्याची भीती कमी झाली. गेल्या वर्षीपासून मी तिथं फिटरचं काम बघतो. अजून भितो, पण काय भ्यायचं आणि का, ते कळून भितो.

हल्ली मोबाईलवर बघून हौशी माणसं भट्टी लावायची म्हणून आमच्याकडे येतात. एक शाळेतले क्लार्क, एक दातांचे डॉक्टर. येताना मोठा हातोडा घेऊन येतात. त्यांचे शर्ट आधी मी चिमटीत धरून बघतो. खुंटीला अर्धा जळालेला खाकी शर्ट अजून आहे, पण तो आता घालायला देत नाही. नुसता दाखवतो आणि चिंध्यांची गोष्ट सांगतो. काकाजी बाकड्यावर बसून दोरी सांभाळतात. हात थरथरतो म्हणून हातोडा कमी धरतात. परवा मात्र उठले, म्हणाले, दोन घाव घालतो. ऐरणीपाशी उभे राहिले, हात खाली सोडला, मूठ वळली, आणि आम्ही दोघांनीही एकदमच पाहिलं. माझ्यासाठी चार बोटं कापलेल्या त्या ओंडक्यावर आता त्यांची बोटं बरोब्बर टेकत होती. इतके ते वाकले आहेत. ते हसले, म्हणाले, बरं झाला तेव्हाच कापून ठेवला. मला हसता आलं नाही.

त्यांनी तेव्हा कापलेला तो चार बोटांचा चकता माझ्या खोलीत आहे. त्याच्यावर मी माझा पाण्याचा तांब्या ठेवतो. एक दिवस सांगोल्याला आमच्या रानात, डाळिंबाच्या कडेला, मी अशीच एक शेड घालणार आहे. दोरी, घंटा, रेतीची बादली, आणि समोरच्या भिंतीवर एकटी दवनीवाडा. तेव्हा काकाजींना आणि काकींना एसटीनं घेऊन जाणार. आयुष्यभर काकाजींनी गाडीत उभ्यानं प्रवास केला आहे. त्या दिवशी ते खिडकीपाशी बसतील, काकी शेजारी, तिकीट मी काढीन, आणि गोरेगावच्या स्टँडवरून गाडी हलताना कंडक्टरला विचारून दोन घंट्याही मीच देईन.